सापकांद्याची ओळख : देवराईतल्या नोंदी, जून २०२४ ते जून २०२५

२ जून २०२४, रविवार

मुळशीच्या बाजूची देवराई, ताम्हिणी घाटाच्या अलीकडे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कंदवाल्या झाडांची जागा उघड झाली की पुढच्या वर्षी तिथे खड्डे दिसतात हे दोनदा बघून झालंय. मोठी झाडं अंजनी, जांभूळ, हिरडा, आंबा, आणि मधोमध गारंबीचा वेल एवढा जाड की त्यावर पोरं झोका घेतात. काम सोपं आहे, राईत जमिनीलगत जे जे फुलतं त्याची ऋतूप्रमाणे यादी करायची. गेल्या वर्षीच्या यादीत ४२ नंबरला मी लिहिलंय "पांढरा फणा, जुलै, ओळख नाही" आणि सोबत एकच धूसर फोटो, तोही वरून काढलेला. ह्या वर्षी बाकी काही झालं नाही तरी चालेल पण ४२ नंबर सोडवायचाच.

अट एकच आणि ती मला मनापासून मान्य आहे. गुरवमामांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ताई, बघा, फोटो काढा, पण देवाच्या रानातली काडीसुद्धा भायेर न्यायची न्हाई. वाळकं पानबी न्हाई." म्हणजे झाड उपटून कंद बघणं, फूल कापून आत बघणं, झाड दाबून वाळवून कागदावर चिकटवलेली शीट बनवणं, हे सगळं बंद. ओळख पटवायची ती जागेवर उभं राहून.

आज वळवाच्या एका सरीने माती नुसती भिजलीये. कोंब काही नाही.

९ जून २०२४, रविवार

पाऊस आला. पुण्यात काल, इथे त्याच्या आधीच असावा कारण राईतला पालापाचोळा खालपर्यंत ओला होता. आंब्याच्या बुंध्याजवळ काळी मुसळी फुललीये, जमिनीला चिकटून पिवळ्या चांदण्या. तिच्याच आसपास चौदा कोंब मोजले. बोटाएवढे, टोकदार, बाहेरून फिकट जांभळट सालीत गुंडाळलेले.

मला वाटलं शेवळ. खरंच वाटलं, कारण शेवळाचा कोंबही ह्याच दिवसात असाच जमिनीतून नाक वर काढतो आणि दोघं एकाच अळूच्या कुळातले. मामींना हाक मारली, त्यांचं माहेर रोह्याच्या बाजूला, तिकडे शेवळाची भाजी जूनमध्ये झालीच पाहिजे. त्या गुडघ्यावर बसल्या, कोंबाला हातही न लावता बघितलं आणि म्हणाल्या, "न्हाई ओ ताई, ह्यो सापकांदा. शेवळाला पान नसतं, फूल एकटंच येतं नि पान मागनं, फूल मेल्यावर. ह्याच्या पोटात पान हाय बघा गुंडाळलेलं." वाकून बघितलं तर कोंबाच्या फटीतून खरंच हिरवी चुणी दिसत होती, छत्री मिटून ठेवल्यासारखी.

हा फरक पुस्तकी भाषेत लिहायचा तर असा होईल की शेवळाचं फूल आणि पान वेगवेगळ्या वेळी कंदातून स्वतंत्र निघतात, सापकांद्याचं फूल आणि पान एकाच खोट्या खोडातून (पानांचे देठ एकमेकांभोवती गुंडाळून झालेलं, दिसायला खोडच), एकाच आवरणातून वर येतात. मामींनी दोन वाक्यात सांगितलं.

त्यांच्याकडे दुपारी शेवळाचीच भाजी होती, माहेरून आलेली. आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा आणि सोबत काकडं घालायची, आंबट, म्हणजे घसा खाजत नाही. खाज येते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांनी, त्या अळूतही असतात, सुरणातही. सापकांदा मात्र ह्या घरात कोणी खात नाही. म्हणून कोंब असताना ओळख चुकली तर ती नुसती वहीतली चूक राहत नाही, ती ताटात येते.

चौदाही कोंबांजवळ बांबूच्या कामट्या रोवल्या, राईतल्या नाही, पुण्याहून आणलेल्या. नंबर १ ते १४.

१६ जून २०२४, रविवार

उघडलं! नंबर ३, ५, ८ आणि ११ पूर्ण, बाकीची अर्धवट.

जवळून लिहून ठेवते कारण फोटोत हे सगळं येत नाही. नंबर ५ गुडघ्यापर्यंत उंच. खालून हिरवं गुळगुळीत खोड, त्यावर हिरवी नळी, माझ्या मधल्या बोटाएवढी, आणि नळीच्या वर फणा, म्हणजे ज्याला पुस्तकात महाछद म्हणतात तो. फणा पांढरा. दुधाळ नाही, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखा, त्यात हिरव्या रेषा पुसट, आणि नळीच्या तोंडाशी आतल्या बाजूला जांभळा पट्टा, जांभूळ खाल्ल्यावर ओठ होतात तसा. पुढे वाकलेला, टोक निमुळतं. नळीच्या आत फुलं धरणारा दांडा असतो, त्याचं बारीक शेपूट नळीतून जेमतेम डोकावतंय. पाऊस थेट नळीत पडत नाही, फण्यावरून घरंगळून जातो. त्या अंधाऱ्या राईत, हिरव्यावर हिरवं असताना, हे पांढरे फणे दहा पावलांवरून दिसतात आणि एकदम थांबायला होतं.

फोटोवरून झाड ओळखणाऱ्या ॲपवर टाकलं. पहिलं उत्तर अमेरिकेतला सापकांदा, अ‍ॅरिसीमा ट्रायफायलम (अ‍ॅरिसीमा हे सापकांद्यांच्या वंशाचं शास्त्रीय नाव). तो इथे नाहीच, आणि त्याचं पान तीन पर्णिकांचं, म्हणजे एकाच पानाचे तीन सुटे भाग. दुसरं उत्तर अ‍ॅरिसीमा टॉर्ट्युओसम, तिसरं अ‍ॅरिसीमा मरे. ॲपला दोष देत नाहीये, मी फक्त फण्याचा क्लोजअप दिला होता, पान फोटोत नव्हतंच. एका फुलाच्या फोटोवरून नाव मागायची आपली सवय झालीये आणि ह्या गटात ती चालत नाही.

२३ जून २०२४, रविवार

पानं उघडली आणि अर्धं काम झालं.

टॉर्ट्युओसम की मरे हा प्रश्न होता ना, तो पानावर सुटतो. टॉर्ट्युओसमच्या पर्णिका एका वाकड्या दांडीवर ओळीने बसतात, पक्ष्याच्या पायाच्या नख्यांसारख्या, मधली मोठी आणि कडेच्या लहान होत जाणाऱ्या. शिवाय त्याची पानं बहुतेक दोन-तीन, फणा हिरवा, आणि शेपूट लांबच लांब बाहेर येऊन वर वळलेलं, उभ्या नागासारखं. मरेच्या पर्णिका एकाच बिंदूतून सगळीकडे फाकतात, छत्रीच्या काड्या. आमच्या चौदाही झाडांवर छत्री. बहुतेकांना एकच पान, पर्णिका मोजल्या तर नंबर ५ ला नऊ, नंबर ८ ला सात, लहानग्या नंबर १३ ला पाच.

आणि नशीब असं की राईच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडे उतरताना, खरोखरचा टॉर्ट्युओसम सापडला. हिरवा फणा, वीतभर शेपूट वर वळलेलं, पान पक्ष्याच्या पायाचं. दोन्ही एकाच सकाळी बघितल्यावर परत कधी गोंधळ होणार नाही. खोडावर नक्षी होती, सापाच्या कातडीसारखे पट्टे, त्यामुळे सापकांदा हे नाव ह्याच्यावर जास्त शोभतं असं मला वाटतं, पण गावात दोघांना एकच नाव आहे आणि ते बरोबरच आहे, दोघंही न खाण्याचे.

३० जून २०२४, रविवार

आज आत बघितलं, न कापता.

युक्ती मैत्रिणीची. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा लांब दांडीचा छोटा आरसा दुकानातून आणला आणि बारीक टॉर्च. फण्याचं टोक एका बोटाने अलगद उचलायचं, आरसा नळीत सोडायचा, प्रकाश बाजूने. नळीचा पडदा पातळ, बाहेरून टॉर्च लावला की कंदिलासारखी उजळते.

नंबर ८ मध्ये दांड्याच्या तळाशी बारीक बारीक जांभळट पुंजके, सुटे सुटे, टाचणीच्या डोक्याएवढे, आणि नळीच्या तळाला पिठासारखं काहीतरी सांडलेलं. परागकण. म्हणजे हा नर.

नंबर ५ मध्ये तळाशी हिरवे दाणे, कोवळ्या मक्यासारखे घट्ट एकमेकांना खेटून, प्रत्येकाच्या डोक्यावर पांढुरका केसाळ ठिपका. ही मादी.

बाहेरून दोघांत काय फरक? फणा तोच, रंग तोच. पण अर्धा तास चिखलात बसून बघितल्यावर दिसलं की नराच्या नळीच्या अगदी बुडाशी, जिथे दोन्ही कडा एकमेकांवर येतात, तिथे एक बारीक फट आहे, तांदळाचा दाणा जाईल एवढी. मादीला ती नाही, कडा पूर्ण बंद. हे ह्या वंशात माहीत असलेलं आहे. बुरशीवर वाढणाऱ्या चिलटासारख्या माश्या वासाला भुलून नळीत उतरतात, गुळगुळीत भिंतीवरून वर चढता येत नाही, नरात फिरफिरून अंगाला पराग लागतो आणि बुडाच्या फटीतून सुटका होते. मग तीच माशी मादीत शिरली की पराग तिथे पोचतो, पण बाहेर पडायला वाट नाही. नंबर ५ च्या तळाशी आरशात चार मेलेल्या माश्या मोजल्या. वाचून माहीत होतं तरी प्रत्यक्ष बघताना बराच वेळ काही लिहिता आलं नाही. ह्या हिरव्या दाण्यांचं बी होण्याची किंमत त्या चार माश्या आहेत.

सगळ्यांची मोजणी: नर ९, मादी ३ (नंबर २, ५, १२), नुसतं पान आणि फूल नाही असे २ (नंबर १३, १४).

कंद उकरायचा नाही म्हणून खोडाचा घेर जमिनीलगत दोऱ्याने मोजला, दोरा पट्टीवर धरून आकडा लिहिला. नंबर ५ सगळ्यात जाड, ६.१ सेंमी. तिन्ही माद्या ५ च्या वर, नर सगळे ३ ते ४.६ च्या मधे, नंबर ११ तेवढा ४.६. फूल नसलेले दोन्ही सर्वात बारीक. चौदा झाडांवरून नियम सांगत नाही, पण सापकांद्यांबद्दल जे माहीत आहे त्याच्याशी हे जुळतं: कंद लहान असेल तर नुसतं पान, थोडा साठा झाला की नर, भरपूर साठा झाला की मादी. परागाला खर्च कमी, फळ पोसायला जास्त. झाडाचं लिंग जन्माचं ठरलेलं नाही, त्या वर्षीच्या शिलकीवर ठरतं.

म्हणजे आजची यादी फक्त २०२४ ची आहे. पुढच्या वर्षी हेच नंबर परत बघायला हवेत.

१२ जुलै २०२४, शुक्रवार

रजा टाकून कोरेगाव रोडवर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाच्या वनस्पतिसंग्रहात गेले. मरेच्या दाबलेल्या शीट बघितल्या. एक गोष्ट लगेच कळली, वाळल्यावर फणा तपकिरी होतो, पांढरा रंग आणि तोंडाशी असलेला जांभळा पट्टा दोन्ही जातात. उरतं ते पान, आणि छत्रीसारखं पान कागदावर चपटं होऊनही ओळखू येतं. म्हणून गोळा करणाऱ्यांनी लेबलवर हाताने रंग लिहून ठेवायचे. मी माझ्या वहीत तांदळाचं पाणी आणि जांभळाचे ओठ लिहिलं त्याचं थोडं बरं वाटलं.

नावाचा इतिहास पण बघून घेतला. पहिलं वर्णन जॉन ग्रॅहमचं, मुंबईच्या पोस्टात मोठ्या हुद्द्यावर होता, मुंबई परिसरातल्या वनस्पतींची यादी त्याने केली, ती १८३९ मध्ये छापली गेली आणि त्याच वर्षी तो वारला. यादीचा उरलेला भाग जोसेफ निम्मो ह्यांनी पुरा केला. त्यात हे झाड अरम ह्या वंशात होतं. नंतर १८४८ मध्ये हूकर ह्यांनी कर्टिसच्या बोटॅनिकल मॅगझिनमध्ये चित्रासकट त्याला अ‍ॅरिसीमा मध्ये आणलं. म्हणजे आपल्या घाटातलं फूल, दुसरीकडे कुठेही रानात न उगवणारं, लंडनच्या छापील पानावर रंगीत आलं त्याला पावणेदोनशे वर्षं झाली, आणि माझ्या यादीत गेल्या वर्षीपर्यंत त्याला नाव नव्हतं.

४ ऑगस्ट २०२४, रविवार

मधले रविवार गेले. २५ जुलैला ताम्हिणीत एका दिवसात ५५६ मिमी पाऊस झाला, पुण्यात नदीकाठच्या सोसायट्यांत पाणी शिरलं, रस्त्यावर दरड. मामांना फोन करून आधी माणसांची चौकशी केली, सगळे ठीक.

राईत गेले तर ओढ्याकाठचा टॉर्ट्युओसम वाहून गेलाय, जागाच राहिली नाही. वरची चौदा जागच्या जागी, राईची मुळं माती धरून आहेत. बाहेरचा उघडा उतार मात्र खरवडून निघालाय. नरांचे फणे गळाले, काहींची पानं पिवळी. माद्यांचे फणे सुकून खाली लोंबताहेत आणि आतला हिरवा दाणा बाहेर दिसायला लागलाय.

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

नंबर ५ लाल! पूर्ण कणीस, शेंदरी लाल, अंगठ्याएवढं, ओझ्याने खोड आडवं झालंय. मामांच्या आईला (वय त्यांनाच माहीत नाही) आधार देऊन राईच्या तोंडापर्यंत आणलं. लांबूनच म्हणाल्या, "सापाचं कणीस." त्यांच्या लहानपणी पोरांना हेच सांगून दूर ठेवायचे, साप राखण करतो म्हणून. लाल रसरशीत दाणा बघून कुठलंही पोर तोंडात घालेल, तेव्हा ती भीती योग्य जागीच बसवलेली होती.

नंबर २ चं कणीस अर्धंच भरलंय, वरचे दाणे वांझ. नंबर १२ ची जागा साळिंदराने उकरली, कंदासकट गेली, शेजारी एक काटा पडलेला. काटा तिथेच ठेवला, काडीचा नियम त्यालाही लागू.

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

जमिनीवर काहीच नाही. चौदा कामट्या आणि पाचोळा. आज कोणी पहिल्यांदा राईत आलं तर इथे सापकांदा आहे ह्यावर विश्वास बसणार नाही.

१ जून २०२५, रविवार

ह्या वर्षी पाऊस मे मध्येच आला, पुण्यात २६ मे ला. मी गाफील राहिले, आज येईपर्यंत फणे उघडून झालेत. तीन कामट्या मोडल्यात, नंबर १०, १३ आणि १४ च्या, पण आंब्यापासूनची अंतरं वहीत होती, टेपने परत मोजून जागा लावल्या. नंबर १२ च्या जागी एक मऊ एकपानी रोपटं, कंदाचा तुकडा मागे राहिला असावा.

नंबर ५ च्या कणसाचे दाणे जिथे आडवे पडले होते तिथे बारीक पानं दिसताहेत, एक एक, नखाएवढी. मोजली, अकरा. ती सापकांद्याचीच आहेत असं अजून लिहीत नाही, पुढच्या पावसात पान छत्रीचं झालं तर लिहीन.

८ जून २०२५, रविवार

आरसा, टॉर्च, दोरा. पावसाची भुरभुर, मैत्रिणीने छत्री धरली.

नंबर ११, गेल्या वर्षीचा नर. घेर ४.६ वरून ५.३. आरशात हिरवे दाणे. बुडाची फट नाही. मादी. मी तीनदा बघितलं, मैत्रिणीला बघायला लावलं, मग नंबरची कामटी आणि आंब्यापासूनचं अंतर परत तपासलं. तेच झाड.

नंबर ५, गेल्या वर्षीची सगळ्यात मोठी मादी, लाल कणीस धरलेली. घेर ६.१ वरून ४.४. पर्णिका नऊच्या सात. फणा तसाच पांढरा, तोंडाशी तोच जांभळा पट्टा. नळीच्या बुडाशी तांदळाएवढी फट, आणि आम्ही बघत असतानाच त्या फटीतून एक चिलटाएवढी माशी बाहेर आली, अंगावर पिवळसर पीठ, क्षणभर काठावर बसली, पाय पुसले आणि उडाली. आत जांभळे पुंजके. नर.

नंबर २ नुसतं पान. बाकी नर ते नर, ६ नंबर दिसला नाही.

१५ जून २०२५, रविवार

यादीत ४२ नंबर दुरुस्त केला: सापकांदा, अ‍ॅरिसीमा मरे, पान छत्रीसारखं, पर्णिका पाच ते नऊ, फणा पांढरा, तोंड आतून जांभळं, शेपूट आखूड, जून ते जुलै, फळ सप्टेंबर, फक्त सह्याद्रीच्या रांगेत. टॉर्ट्युओसमला वेगळा नंबर दिला, ६३, पुढे "ओढ्याकाठी होता, जुलै २०२४ मध्ये गेला, ह्या वर्षी वरच्या वळणावर एक."

जेवायला मामांकडे. आजी ओसरीवर बसल्या होत्या, त्यांना नंबर ५ चं सांगितलं, की गेल्या वर्षी कणीस धरणारं झाड ह्या वर्षी नर होऊन आलंय. मला वाटलं समजावून सांगावं लागेल, कंद, साठा वगैरे. त्या सुपारी कातरत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "दमलं आसंल की. एवढं मोठं कणीस धरलं व्हतं."

नंबर ५, घेर ४.४ सेंमी, ८ जून. पुढची मोजणी जून २०२६.